विभागप्रमुखाच्या खुर्चीत नवीन आहात? विभागातली भांडणं अशी हाताळा

विभागप्रमुखपदाचा आदेश हातात पडतो, पेढे वाटून होतात आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी दार लोटून आत येतं. "सर, जरा बोलायचं होतं. दार लावू का?" नव्या एचओडीचं खरं काम तिथून सुरू होतं. कालपर्यंत एकाच स्टाफरूममध्ये डबा खाणारी माणसं आज तुमच्याकडे एकमेकांच्या तक्रारी घेऊन येतात. विषय शिकवायचं प्रशिक्षण सगळ्यांना मिळालेलं असतं, या कामाचं बहुतेकांना मिळालेलं नसतं.

हा लेख सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या कॉलेजांत आणि केगावच्या विद्यापीठ परिसरात नव्यानं विभागप्रमुख, समन्वयक, उपप्राचार्य किंवा प्राचार्य झालेल्यांसाठी आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ 2004 साली स्थापन झालं तेच एका जिल्ह्यापुरतं. त्याचा एक परिणाम असा की इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. करमाळ्याच्या कॉलेजातले सर आणि अक्कलकोटच्या मॅडम बाह्य परीक्षक म्हणून वर्षानुवर्षं एकमेकांकडे जातात. एका विभागात झालेली वादावादी चार दिवसांत दुसऱ्या तालुक्यात पोहोचते. त्यामुळे "बघू, होईल शांत" हे धोरण इथे विशेष महाग पडतं.

पायरी 1. हे भांडण तुमच्या टेबलावरचं आहे का, ते आधी ठरवा

नव्या प्रमुखाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. चांगल्या मनानं, "घरातलं घरात मिटवू" म्हणून, जे मिटवायचा अधिकारच नाही ते मिटवायला बसतात. पुढच्या चार प्रकारांत समेट घडवायला जाऊ नका. तुमचं काम फक्त तक्रार योग्य जागी पोहोचवणं आणि तक्रारदाराला त्रास होणार नाही हे बघणं एवढंच.

लैंगिक छळाची तक्रार. ही थेट अंतर्गत तक्रार समितीकडे, म्हणजे आयसीसीकडे जाते. 2013 च्या कायद्यानुसार घटनेपासून 3 महिन्यांत तक्रार करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने मुदत वाढवू शकते. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. समेटाची तरतूद आहे, पण ती तक्रारदार महिलेनं स्वतः मागितली तरच, चौकशी सुरू होण्याआधी आणि पैशाच्या आधारावर कधीच नाही. तुम्ही "बाई, कशाला वाढवता" असं म्हणालात तर तो दबाव ठरतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015 च्या विनियमांनुसार विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव यांसारख्या वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्या व्यक्तींनी या समितीत सदस्य असू नये. आदेश हातात आला आणि तुमचं नाव आधीपासून आयसीसीत असेल, तर त्याच आठवड्यात प्राचार्यांना लेखी कळवून बाहेर पडा.

रॅगिंग. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं 7 दिवसांच्या आत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. दुर्लक्ष केलं तर संस्थाप्रमुखानंच गुन्ह्याला मदत केली असं कायदा मानतो. "सीनियर पोरांची मस्करी" हा शब्दप्रयोग तुमच्या तोंडून निघता कामा नये. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 1800-180-5522 विभागाच्या सूचनाफलकावर लावलेला हवा.

जातिवाचक अपमान. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. चहा पाजून हात मिळवायला लावणं हा इथे उपाय नाही. तक्रार लेखी घ्या, त्याच दिवशी प्राचार्यांकडे द्या.

वाङ्मयचौर्य आणि पैशाचे व्यवहार. प्रबंधातली उचलेगिरी संस्थेच्या शैक्षणिक सचोटी समितीकडे जाते. सहलीचे, परीक्षा शुल्काचे, विभागाच्या खात्याचे पैसे असतील तर लेखी टिपण प्राचार्यांकडे. त्यावर स्वतः हिशेब जुळवत बसू नका, उद्या तुमचीच सही पुरावा होते.

उरलेलं सगळं बहुतेक तुमचं: वेळापत्रक, वर्कलोड, प्रयोगशाळा, कपाटाच्या किल्ल्या, शोधनिबंधावरचा नावांचा क्रम, परीक्षेच्या ड्युट्या, रजा, बोलण्याचा सूर. आणि एक अट. भांडणाऱ्यांपैकी कुणी तुमचे नातेवाईक, सह-मार्गदर्शक किंवा पतसंस्थेतले जामीनदार असतील, तर तुम्ही मध्यस्थ होऊ शकत नाही. दोन ओळींचं पत्र देऊन दुसऱ्या ज्येष्ठ शिक्षकाचं नाव सुचवा.

पायरी 2. माणूस बघण्याआधी कागद बघा

"त्यांचा स्वभावच तसा आहे" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. स्वभाव असतोच, पण विभागातल्या भांडणांच्या मुळाशी बहुधा एखादा आकडा असतो. तो आकडा तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही तासभर समजूत काढाल आणि भांडण जागच्या जागी राहील.

वर्कलोड. यूजीसीच्या 2018 च्या विनियमांत आठवड्याला 40 तासांचं काम आणि त्यात प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला 16 तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला 14 तास असं आहे. म्हणजे ज्येष्ठ मॅडमकडे 2 तास कमी असतील तर तो लाड नाही, नियम आहे. पण 6 तास कमी असतील तर तक्रार करणाऱ्याचं बरोबर आहे. चालू सत्राचा वर्कलोड तक्ता समोर ठेवल्याशिवाय यावर एक शब्द बोलू नका. प्रॅक्टिकल, ट्यूटोरियल, प्रोजेक्ट यांचे तास तक्त्यात कसे धरलेत ते आधी तपासा. निम्मी भांडणं तिथल्या बेरजेत सुटतात.

तासिका तत्त्वावरचे शिक्षक. सीएचबीवरच्या शिक्षकाला तासाप्रमाणे मानधन मिळतं. त्याचा तास "आज सेमिनार आहे, तुमचं लेक्चर राहू द्या" म्हणून उडवला की पूर्णवेळ शिक्षकाला मोकळा वेळ मिळतो, याचे मात्र पैसे जातात. वरून नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, स्नेहसंमेलनाची रांगोळी, परीक्षेची ड्युटी ही बिनपैशाची कामं त्याच्याच गळ्यात पडतात. हा माणूस भांडत नाही, कारण पुढच्या वर्षीची नेमणूक तुमच्या शिफारशीवर असते. तो गप्प बसतो आणि सत्राच्या मध्येच सोडून जातो. म्हणून सीएचबीवाल्यांची तक्रार येण्याची वाट बघू नका. महिन्याला एकदा त्यांच्या तासांची नोंदवही आणि विभागाची कामवाटप यादी शेजारी ठेवून बघा.

शोधनिबंधावरची नावं. बाहेरच्याला हे मानापमानाचं वाटतं. हिशेब बढतीसाठी धरल्या जाणाऱ्या गुणांचा आहे: यूजीसीच्या 2018 च्या विनियमांत विज्ञान शाखेच्या एका शोधनिबंधाला मूळ 8 गुण आहेत, भाषा आणि मानव्यविद्येला 10. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या 70 टक्के. दोनांहून जास्त झाले की पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला 70 टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला 30 टक्के. म्हणजे विज्ञानाच्या निबंधात दोघांना 5.6-5.6 मिळत होते, त्यात तिसरं नाव घुसलं की एकजण 5.6 वर राहतो आणि दुसरा 2.4 वर येतो. "सरांचं नाव फक्त घालायचं होतं" या वाक्याची किंमत 3.2 गुण आहे. उपाय पुढचा: काम सुरू होण्याआधी अर्ध्या पानावर लिहायचं, कोण प्रयोग करणार, कोण विश्लेषण, कोण लेखन, पहिलं नाव कुणाचं, काम बदललं तर क्रम बदलायचा का. खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. निबंध स्वीकारला गेल्यावर ही चर्चा करायला बसलात तर कुणीच मागे सरत नाही.

पीएच.डी. मार्गदर्शक आणि विद्यार्थी. यूजीसीच्या 2022 च्या विनियमांनुसार प्राध्यापक 8, सहयोगी प्राध्यापक 6 आणि सहायक प्राध्यापक 4 विद्यार्थी घेऊ शकतात. संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्रात प्रगती मांडायची असते. मार्गदर्शक बघत नाहीत, विद्यार्थी येत नाही, अशी तक्रार आली की पहिला प्रश्न: मागच्या दोन सत्रांच्या बैठकींची इतिवृत्तं कुठे आहेत? नसतील तर दोघांनाही न रागावता आधी ती बैठक लावा.

सुट्ट्या. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, घरी पाहुणे. आषाढीला पंढरपूर-मोहोळकडच्या रस्त्यांवर वारकऱ्यांची गर्दी. हे दरवर्षी ठरलेलं असतं, तरी दरवर्षी "मागच्या वर्षी यांना दिली, मला का नाही" हा वाद 10 जानेवारीला पेटतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यादी फिरवा, मागच्या वर्षी कुणी रजा घेतली तो रकाना त्यातच ठेवा.

पायरी 3. पहिल्या दिवशी फक्त ऐका

तक्रार आली त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, 20-25 मिनिटं द्या. फोन पालथा ठेवा, शिपायाला सांगा की कुणाला आत सोडू नको. या बैठकीत तुम्ही तीनच गोष्टी करायच्या.

ऐकायचं, मध्ये न तोडता. मग ऐकलेलं परत सांगायचं: "म्हणजे मंगळवारी बॅच तुमची असताना लॅबला कुलूप होतं, आणि हे तिसऱ्यांदा झालं, बरोबर?" समोरचा "हो" म्हणाला की त्याचा निम्मा ताण उतरतो. तिसरं, पुढे काय होणार ते तारखेसकट सांगायचं: "उद्या मी त्यांच्याशी बोलतो, गुरुवारी तुम्हाला सांगतो."

निकाल द्यायचा नाही. "तुमचं बरोबर आहे हो मॅडम" हे सहानुभूतीनं टाकलेलं वाक्य संध्याकाळपर्यंत "एचओडी पण म्हणाले" असं होऊन दुसऱ्याच्या कानावर जातं. "तुम्हाला त्रास झाला हे दिसतंय" म्हणा. फरक लहान आहे, पण तो तुम्हाला पुढच्या बैठकीत वाचवतो.

"नेहमी", "कधीच", "मुद्दाम" हे तीन शब्द आले की तारीख विचारा. "ते मला नेहमी डावलतात" याचं "12 तारखेच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीचं मला कळवलं नाही" असं रूपांतर झालं तर त्यावर काहीतरी करता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र काहीही सोडवायचं नाही. विभागाच्या ग्रुपवर टोमणा पडला तर ग्रुपवर उत्तर देऊ नका, त्या व्यक्तीला फोन करा आणि ग्रुपवर फक्त कामाचा पुढचा निरोप टाका. रात्री साडेदहाला अ‍ॅडमिननं "सर्वांनी मर्यादा पाळावी" असं लिहिलं की सगळ्यांना कळतं ते कुणासाठी आहे, आणि ज्याला माहीत नव्हतं तोही स्क्रीनशॉट मागतो.

पायरी 4. दोघांना वेगवेगळं भेटा

दोन-तीन दिवसांत. दोघांनाही सारखा वेळ, सारखी जागा. एकाला केबिनमध्ये आणि दुसऱ्याला जिन्यात गाठलंत तर तिथेच पक्षपात झाला. चहा एकाला दिला तर दुसऱ्यालाही द्या. हसू नका, हे लक्षात ठेवलं जातं.

विचारायचे प्रश्न चारच: काय झालं? त्यानं तुमचं काय अडलं? काय झालं म्हणजे तुमच्यापुरतं प्रकरण संपेल? तुमच्या बाजूनं काय वेगळं करता आलं असतं? चौथा प्रश्न शेवटीच. आधी विचारलात तर माणूस मिटून जातो.

लोक मागणी सांगतात, गरज सांगत नाहीत. "मला सकाळचीच बॅच पाहिजे" ही मागणी. गरज काय ती दोन-तीनदा "का" विचारल्यावर कळते, पण "का" हा शब्द उलटतपासणीसारखा लागतो. "सकाळची मिळाली तर काय सोपं होईल?" असं विचारा.

भाषेचं भान सोलापुरात ठेवावंच लागतं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा एकाच स्टाफरूममध्ये बोलल्या जातात. दोघी तेलुगूत हसल्या की तिसरीला वाटतं आपल्यावरच बोलल्या. एकट्यानं भेटताना समोरच्याला जी भाषा सोयीची ती बोलू द्या; रागात माणूस आपल्याच भाषेत खरं बोलतो. एकत्र बैठकीत मात्र सगळ्यांना कळेल अशी एक भाषा आधी ठरवा. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर भागातल्या विद्यार्थ्यानं कन्नडमध्ये तक्रार लिहून दिली तर परत करू नका. तशीच आवक करून घ्या, भाषांतर तिऱ्हाईत माणसाकडून करून घ्या आणि मूळ प्रत सोबत जोडा.

पायरी 5. एकत्र बैठक

आठवड्याच्या आत, 45 मिनिटांची. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी लावू नका. अर्धवट राहिलेलं भांडण रविवारभर घरी शिजतं. बैठकीआधी टेबलावर काय काय हवं:

- चालू सत्राचं मंजूर वेळापत्रक आणि वर्कलोड तक्ता
- प्रयोगशाळेचं किंवा वर्गाचं वापर रजिस्टर
- या विषयावर आधी झालेल्या विभागीय बैठकीचं इतिवृत्त
- संबंधित परिपत्रक, त्यातली ओळ खूण करून
- कोरा कागद, त्यावर वर तारीख आणि उपस्थितांची नावं
- पाण्याचा तांब्या आणि तीन पेले (एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा 40 च्या वर असतो, दुपारी 2 ला बैठक लावायचीच नाही)

बसण्याची रचना: तुम्ही मोठ्या टेबलामागे आणि ते दोघे समोर, असं नको. ती सुनावणी वाटते. तिघंही टेबलाच्या एकाच कोपऱ्याशी बसा, कागद मध्ये.

रसायनशास्त्राच्या विभागात हमखास होणारा एक वाद घेऊ. प्रयोगशाळा एक, बॅचेस दोन: सकाळी 8 ते 10 आणि दुपारी 3 ते 5. मॅडमना दुपारची नको, सरांना सकाळची नको. दोघंही म्हणतात की समोरचा अडवणूक करतो.

"सर, सकाळची बॅच घ्यायला तुम्हाला नेमकी काय अडचण येते?"

"आठला पोरं येतात, पण सोल्यूशन तयार नसतात ओ. लॅब असिस्टंट साडेदहाला येतो. माझे पहिले 40 मिनिट बाटल्या धुण्यात जातात. त्यांना काय, तयार मिळतंय सगळं."

"मॅडम, तुमचं?"

"तीनची बॅच पाच वाजता सुटत नाही की सर. माझ्या निम्म्या मुली बार्शी लाइनच्या, मोहोळच्या. एसटी चुकली की घरून फोन मलाच येतात. मग मी साडेचारला सोडते, तर हे म्हणतात मी प्रयोग अर्धा घेते."

बघा, बॅच कुणालाच नको आहे असं नाही. एकाला तयार सोल्यूशन हवीत, दुसरीला मुली वेळेत सुटायला हव्यात. तोडगा दोघांच्या मागणीत नव्हता: असिस्टंटनं आदल्या दिवशी 4 वाजता दुसऱ्या दिवशीची द्रावणं करून, नाव, तीव्रता आणि तारखेची चिठ्ठी लावून ठेवायची (टिकणारी तेवढीच, ताजी लागणारी सकाळी शिक्षकांनी करायची). दुपारची बॅच 2.30 ते 4.30. यासाठी 2.30 चं एक लेक्चर हलवावं लागतं, म्हणून तिसऱ्या शिक्षकाची संमती त्याच दिवशी घ्यायची. ती घ्यायची राहिली की पुढच्या आठवड्यात भांडणात तिसरा माणूस सामील होतो. असिस्टंटलाही आधी विचारा. त्याच्या पाठीमागे ठरलेलं काम तो करत नाही, आणि त्यात त्याचं चुकतं असंही नाही.

प्रत्येक वादात असा दोघांना पटणारा मार्ग निघत नाही. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी 1974 साली वाद हाताळण्याच्या पाच पद्धती मांडल्या. आपल्या शब्दांत: रेटून नेणं, नमतं घेणं, टाळणं, थोडं तुझं थोडं माझं करणं आणि दोघांनी मिळून वाट काढणं. यातली एकच चांगली, असं नाही. विद्यापीठाची परीक्षा उद्या आहे आणि दोघंही ड्युटीला नाही म्हणतात, तर रेटूनच न्यावं लागतं, आदेश काढा. खिडकीजवळच्या टेबलावरून वाद असेल तर सरळ टाळा, पंधरा दिवसांत विसरतात. "थोडं तुझं थोडं माझं" हा मार्ग आपल्याकडे फार लवकर वापरला जातो. वरच्या वादात "एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार" असं केलं असतं तर दोघंही आलटून पालटून वैतागले असते.

आवाज चढला तर थांबवायचं कसं? "शांत व्हा" म्हणू नका, त्यानं आजवर कुणी शांत झालेलं नाही. "पाच मिनिटं थांबू, मी हे लिहून घेतो" म्हणा आणि खरंच लिहा. लिहिणाऱ्या माणसासमोर ओरडणं अवघड जातं. जात, गाव, घरचं, कुणाची नेमणूक कुणामुळे झाली हे विषय निघाले तर बैठक तिथेच संपवा आणि दुसरी तारीख द्या.

पायरी 6. टिपण लिहा, त्याच दिवशी

तोंडी समेट सोलापुरी उन्हासारखा असतो, असं समजा: सकाळी बरा वाटतो. म्हणून अर्धं पान लिहायचं. नमुना असा:

"दि. ___ रोजी दु. 12.15 वा. विभागात बैठक झाली. उपस्थित: ___. विषय: प्रयोगशाळा बॅचची वेळ. ठरले ते असे: (1) द्रावणे आदल्या दिवशी सायं. 4 वाजेपर्यंत तयार राहतील, जबाबदारी प्रयोगशाळा सहायक. (2) दुपारची बॅच सोमवारपासून 2.30 ते 4.30. (3) 2.30 चे व्याख्यान 12.30 ला, संबंधित शिक्षकांची संमती घेतली. (4) आढावा दि. ___ रोजी."

खाली सह्या, जावक क्रमांक, प्रत्येकाला एक प्रत. यात कोण चुकलं ते लिहायचं नाही. "सरांनी दिलगिरी व्यक्त केली" हेही नको, सही करताना तिथेच पेन थांबतं. कुणाला माफी मागायची असेल तर ती कागदाबाहेर होऊ द्या.

पायरी 7. विद्यार्थी निवेदन घेऊन आले तर

अंतर्गत गुण, हजेरी, वसतिगृहाचं पाणी, शिक्षक तासाला येत नाहीत: विषय साधारण हेच. 30-40 जण घोषणा देत पॅसेजमध्ये येतात. दार लावून घेऊ नका, गर्दीत उभं राहून वादही घालू नका. पाच प्रतिनिधी आत बोलवा, बसायला खुर्च्या द्या, निवेदन दोन्ही हातांनी घ्या आणि पोच द्या. फोटो काढायचा असेल तर काढू द्या. निवेदन वाचून त्यातलं काय तुमच्या हातात आहे आणि काय विद्यापीठाच्या, ते तिथेच वेगळं करून सांगा. उत्तराची तारीख लेखी द्या. ती तारीख पाळा. काम झालं नसेल तरी "अजून झालं नाही, कारण हे" असं त्या दिवशी कळवा.

विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी यूजीसीचे 2023 चे विनियम आहेत. विद्यार्थी तक्रार निवारण समितीनं तक्रार मिळाल्यापासून 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्याची प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची असते. समाधान झालं नाही तर त्यानं 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करायचं. ही वाट विद्यार्थ्याला तुम्हीच सांगा. "वर जायचं असेल तर जा" असं चिडून सांगणं वेगळं, आणि कागदावर पत्ता लिहून देणं वेगळं.

अंतर्गत गुणांचं भांडण जवळपास पूर्ण टाळता येतं. गुण ऑनलाइन भरण्याआधी प्रत्येकाला त्याची उत्तरपत्रिका आणि गुण दाखवा, सही घ्या, हरकतीला 3 दिवस ठेवा. आजारपणामुळे न आलेल्यांसाठी एक तारीख वेगळी. एवढं केलेल्या विभागात निवेदनं येतात ती पंख्याची आणि पाण्याची.

पायरी 8. वरून फोन आला तर

येतोच. संस्थेचे कुणी पदाधिकारी, माजी कुणी, भांडणाऱ्याचे मेहुणे. "सर, जरा बघा की, आपलाच माणूस आहे." नाही म्हणायची गरज नाही, हो म्हणायचीही नाही. "साहेब, दोघांचंही ऐकतोय. तुमचं काही म्हणणं असेल तर प्राचार्यांकडे लेखी द्यायला सांगा, मी त्याची दखल घेतो." बहुतेक वेळा लेखी काही येत नाही. फोनची तारीख आणि वेळ स्वतःच्या डायरीत टिपून ठेवा, विभागाच्या फाइलमध्ये नको.

पायरी 9. तुमच्याकडे मिटलं नाही तर

दोन बैठका झाल्या, तोडगा निघाला नाही, तर तिसरी स्वतः घेऊ नका. प्राचार्यांना टिपण द्या: काय तक्रार, कोणत्या तारखांना काय केलं, कुठे अडलं. मत लिहू नका. सोय-सुविधा, जागा, मनुष्यबळ यांचा प्रश्न असेल तर तो कॉलेज विकास समितीपुढे जातो. ही समिती महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 च्या कलम 97 खाली आहे आणि वर्षातून निदान चार वेळा भरायला हवी. सेवाविषयक गाऱ्हाणं असेल तर विद्यापीठाची तक्रार निवारण समिती, कलम 79. शिक्षकाला बडतर्फ केलं, काढलं किंवा पदावनत केलं तर कलम 81 खाली न्यायाधिकरणाकडे अपील, आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत. ही मुदत चुकली म्हणून हातची केस गेलेले लोक असतात, त्यामुळे तुमचं कितीही पटत नसलं तरी सहकाऱ्याला ही तारीख सांगा.

कारणे दाखवा नोटीस काढायची घाई करू नका. ती निघाली की माणूस सहकाऱ्याशी बोलायचं सोडून वकिलाशी बोलायला लागतो. काढायचीच वेळ आली तर ती प्राचार्यांच्या सहीनं निघते, तुमच्या नाही. आणि त्यात नेमकी तारीख, नेमकं वर्तन आणि उत्तराला पुरेसे दिवस हवेत.

पायरी 10. तीस दिवसांनी परत विचारा

टिपणावर आढाव्याची तारीख घातली होती, ती पाळा. दहा मिनिटं पुरतात. "सोल्यूशन वेळेवर मिळतात का? मुलींना गाडी मिळते का?" दोन्हींचं उत्तर हो असेल तर टिपणावर "आढावा घेतला" लिहून सही करा. एका ठिकाणी नाही असेल तर तेवढंच कलम बदला, सगळं पुन्हा उकरू नका.

हे सगळे कागद एका वेगळ्या फाइलमध्ये, कुलपात. बदली झाली किंवा मुदत संपली की पुढच्या प्रमुखाला काय द्यायचं तेही ठरलेलं असू द्या: सह्यांची टिपणं, वर्कलोड तक्ते, रजेची यादी, लेखक-क्रमाचे करार हे द्यायचं, यादी करून आणि पोच घेऊन. तुमच्या हातच्या नोंदी, पहिल्या दिवशी कुणी रडत काय सांगितलं ते, ही पानं द्यायची नाहीत. ती घरी न्यायची नाहीत आणि रद्दीतही टाकायची नाहीत. फाडून, बारीक तुकडे करून मगच टाका. किल्ली सगळ्यात शेवटी द्या.